दुष्काळातील उपकारस्तुती : पंडिता रमाबाई आणि केडगावचे मुक्तिसदन (१८९६–१९२२)

सारांश

संकटकाळात ईश्वराचे आभार मानणे हा ख्रिस्ती धर्मजीवनातील एक महत्त्वाचा आचार आहे. या आचारावर दोन आक्षेप घेतले जातात. तो माणसाला निष्क्रिय करतो, हा पहिला. आणि उपकृत माणसाला तो उपकारकर्त्याच्या ओझ्याखाली ठेवतो, हा दुसरा. पंडिता रमाबाईंनी १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांत केडगाव येथे उभारलेल्या कार्याच्या आधारे या दोन्ही आक्षेपांची तपासणी प्रस्तुत निबंधात केली आहे. रमाबाईंच्या जीवनात कृतज्ञता ही स्वतः भोगलेल्या उपासमारीच्या स्मरणातून निर्माण झालेली जबाबदारी होती व तिने त्यांची टीकाबुद्धी बोथट केली नाही, असे या तपासणीतून दिसून येते.

१. प्रस्तावना

दुष्काळ हा मराठवाड्याच्या इतिहासातील पाहुणा नसून घरचाच घटक आहे. बालाघाटच्या डोंगररांगांत व पर्जन्यछायेत वसलेल्या बीड जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ अनुभवला. परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, ही घटनाही लोकांच्या स्मरणात आहे. दुष्काळाचा अभ्यास सामान्यतः पर्जन्यमान, धान्याचे भाव, शेतसारा, स्थलांतर आणि मदतकार्य या अंगांनी होतो. तो आवश्यकच आहे. तथापि ज्यांनी दुष्काळ भोगला त्यांनी त्याचा अर्थ कसा लावला, जगून राहिल्यानंतर त्यांच्या मनात कोणती भावना उरली, हा प्रश्नही इतिहासाच्या कक्षेत येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाने या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांपैकी एक उत्तर केडगावच्या मुक्तिसदनात सापडते. पुणे–दौंड लोहमार्गावरील हे गाव आज पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात आहे. तेव्हाचा बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर केडगाव ब्रिटिश अमलाखालील मुंबई इलाख्यात. राजवटी वेगळ्या असल्या तरी पावसावर अवलंबून असलेले कोरडवाहू जीवन दोन्हीकडे सारखेच होते. त्यामुळे केडगावच्या अनुभवाचा विचार मराठवाड्यातील वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही.

२. 'उपकारस्तुती' : शब्द आणि आशय

मराठी ख्रिस्ती परंपरेत ईश्वराचे आभार मानण्यासाठी 'उपकारस्तुती' हा शब्द रूढ आहे. उपकाराची जाणीव आणि त्या जाणिवेतून केलेली स्तुती असे दोन घटक त्यात एकत्र येतात. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत यासाठी 'युखारिस्तिया' हा शब्द येतो. त्याच्या मुळाशी 'खारिस' म्हणजे कृपा हा शब्द आहे. कृपा ही कमावलेली नसते, ती मिळालेली असते. म्हणूनच या परंपरेत आभार हे घेतलेल्या वस्तूचे मोल ठरत नाहीत.

संकटकाळाच्या संदर्भात बायबलमधील तीन स्थळे विशेष महत्त्वाची ठरतात. थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल प्रत्येक परिस्थितीत आभार मानण्यास सांगतो. परिस्थितीत आभार मानणे आणि परिस्थितीबद्दल आभार मानणे यांत फरक आहे. दुष्काळ चांगला होता असे म्हणण्याची सक्ती येथे नाही; दुष्काळातही आभाराचे कारण शिल्लक राहते, एवढेच येथे अभिप्रेत आहे. दुसरे स्थळ हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अखेरीस येते. अंजिराला बहर नाही, वेलीला द्राक्षे नाहीत, शेतात धान्य नाही आणि गोठ्यात गुरे नाहीत, अशी संपूर्ण नापिकीची यादी देऊन संदेष्टा आपला ईश्वरावरील आनंद व्यक्त करतो. शेतकऱ्याला ही यादी समजावून सांगावी लागत नाही. तिसरे स्थळ लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांची कथा हे होय. दहाही जण बरे होतात, परंतु आभार मानण्यासाठी एकच परत येतो आणि तोही शोमरोनी, म्हणजे तत्कालीन यहुदी समाजाने परका मानलेला. उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य मात्र काढून घेतले जात नाही. आभार हे उपकाराची पूर्वअट नाहीत, हा या कथेतील मुद्दा पुढील विवेचनात उपयोगी पडणारा आहे.

भारतीय परंपरेतही कृतज्ञतेचा विचार प्राचीन आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण या कल्पनांनी माणसाचे जीवन ऋणातच सुरू होते असे मानले. पुराणिकाच्या घरात वाढलेल्या व संस्कृत विद्येत पारंगत असलेल्या रमाबाईंना ऋणाची ही भाषा परिचित होती. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी कृपेची भाषा स्वीकारली, तरी घेतलेले पुढे कोणाला तरी द्यायचे असते ही ऋणकल्पनेतील जाणीव त्यांच्या कार्यात कायम राहिलेली दिसते.

३. उपासमारीचा पूर्वानुभव

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ते ज्ञान मुलीला दिले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत भारतभर पायी फिरत असे. १८७० च्या दशकात दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात या कुटुंबाची वाताहत झाली. जवळचे सर्व संपले आणि अनेक दिवस पाणी व झाडपाल्यावर काढावे लागले. वडील, आई आणि थोरली बहीण यांचा एकामागून एक अंत झाला.

पुढे रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास उत्तरेकडे गेले. झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी वाळूत खड्डे करून त्यांत अंग झाकून घ्यावे लागल्याची आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली. १८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथे विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देऊन गौरविले. परंतु १८८० मध्ये श्रीनिवास यांचे निधन झाले आणि १८८२ च्या प्रारंभी पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही. पदरी कन्या मनोरमा होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

हा तपशील येथे देण्याचे कारण असे की, केडगावचे कार्य करुणेपेक्षा स्मरणातून अधिक उभे राहिले. दुष्काळपीडित मुलीकडे पाहताना रमाबाईंना तिच्यात स्वतःचे पूर्वायुष्य दिसत होते. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि मराठीत 'माझी साक्ष' या नावाने परिचित असलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी आपल्या कुटुंबाच्या उपासमारीची हकीकत सविस्तर सांगितली आहे. ईश्वराच्या उपकारांची साक्ष देणाऱ्या ग्रंथात भुकेचा हा हिशेब वगळलेला नाही. संकट झाकून केलेले आभारप्रदर्शन त्यांना मान्य नव्हते, हे यावरून स्पष्ट होते.

४. मध्य प्रांत ते केडगाव

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदनाची स्थापना केली. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. १८८७ च्या अखेरीस बोस्टन येथे स्थापन झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे मान्य केले होते. १८९३ मध्ये विद्यार्थिनींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद झाला. सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या मान्यवरांनी संबंध तोडले व अनेक पालकांनी मुली परत नेल्या. दहा वर्षांच्या मुदतीनंतर संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी या हेतूने केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेण्यात आली होती. तेथे फळबाग करावी आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवावे, असा तो बेत होता.

१८९६ मध्ये पावसाने दगा दिला. मध्य प्रांतातील हालअपेष्टांच्या वार्ता ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी मदत केंद्रे आणि अनाथालये त्यांनी पाहिली. निराधार मुली व तरुण विधवा यांच्या वाट्याला भुकेबरोबरच अब्रूचे संकटही येत होते, याची नोंद त्यांनी आपल्या वृत्तांतात केली. सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी आपल्या आश्रयाखाली आणल्या. पुण्यात आधीच प्लेगचे थैमान सुरू झाल्याने या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. परिणामी फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या उघड्या माळावर तात्पुरता निवारा करून त्यांना ठेवावे लागले. १८९८ मध्ये मुक्तिसदन रीतसर स्थापन झाले.

त्यानंतर लगेचच १८९९–१९०० चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ मध्ये पडल्यामुळे गुजरात व राजस्थानात तो छप्पनचा दुष्काळ म्हणून ओळखला जातो. हैदराबाद संस्थानालाही त्याची झळ लागली. या काळात गुजरातसह विविध भागांतून मुली केडगावला आल्या आणि आश्रितांची संख्या सुमारे २००० पर्यंत पोहोचली. स्वावलंबनासाठी आखलेली योजना बाजूला ठेवून तिच्या कितीतरी पट खर्चाची जबाबदारी स्वीकारण्यात आली, तीही दहा वर्षांच्या आश्वासित मदतीची मुदत संपत आली असताना. जॉर्ज म्युलर यांनी ब्रिस्टल येथे प्रार्थनेच्या भरवशावर चालविलेल्या अनाथालयाचा वृत्तांत रमाबाईंच्या वाचनात आला होता. त्याचा प्रभाव त्यांनी स्वतः मान्य केला आहे.

५. कृतज्ञतेचे दैनंदिन रूप

मुक्तिसदनात प्रार्थना आणि स्तोत्रगायन नित्याचे होते. परंतु येथील उपकारस्तुती केवळ प्रार्थनेच्या वेळेपुरती मर्यादित नव्हती. तिची तीन व्यावहारिक रूपे विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिले रूप म्हणजे आधी आलेल्यांनी नंतर आलेल्यांना सांभाळणे. १८९७ मध्ये मध्य प्रांतातून आलेल्या मुलींची शुश्रूषा व शिक्षण यांत शारदा सदनातील विद्यार्थिनींनी पुढाकार घेतला. तीनच वर्षांनी दुसरा दुष्काळ आला तेव्हा पहिल्या दुष्काळात वाचलेल्या मुलींपैकी थोरल्या मुलींवर नव्या मुलींची जबाबदारी आली. अशक्त मुलीला न्हाऊ घालणे, थोडे थोडे अन्न भरविणे, अक्षरे गिरवून घेणे ही कामे त्या करीत. उपकार येथे परत न जाता पुढे जात होता.

दुसरे रूप कष्टाचे आहे. शेती, दुग्धव्यवसाय, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा आणि छपाई ही कामे स्त्रिया स्वतः शिकल्या. आपल्या कुटुंबाकडे शास्त्रविद्या होती, पण पोट भरण्याचे हस्तकौशल्य नव्हते आणि त्याची किंमत दुष्काळात मोजावी लागली, ही जाणीव रमाबाईंच्या आत्मनिवेदनातून व्यक्त होते. त्यामुळे मुक्तिसदनात हाताला काम शिकविणे हा धर्मशिक्षणाइतकाच महत्त्वाचा भाग ठरला. कोरड्या माळावरील या वसाहतीत विहिरींना विशेष महत्त्व होते. पाण्यासाठी प्रार्थना केली जात असे आणि विहीरही खोदली जात असे. या दोन गोष्टींत विरोध आहे असे तेथे कोणी मानले नाही.

तिसरे रूप समावेशाचे आहे. अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन, समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी प्रीतिसदन असे विभाग निर्माण झाले. 'कृपा' हे नाव ज्या विभागाला दिले गेले तो विभाग समाजाच्या दृष्टीने सर्वांत अपात्र ठरलेल्यांचा होता, ही बाब लक्षणीय आहे. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून अंध मुलींच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. १९१० च्या दशकात हैदराबाद संस्थानातील गुलबर्गा येथे त्यांनी शाळा सुरू केली. केडगावला मिळालेले अशा रीतीने निजामी मुलखापर्यंत पोहोचले.

६. कृतज्ञता आणि तक्रार

कृतज्ञ माणूस तक्रार करीत नाही, असा एक समज आहे. १८९६–९७ च्या घटना त्याला छेद देतात. त्या काळात लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून आणि पुणे सार्वजनिक सभेने आपल्या प्रतिनिधींमार्फत शेतकऱ्यांना दुष्काळसंहितेतील हक्कांची जाणीव करून दिली. पीक बुडाले असता घरदार विकून सारा भरू नये, असे त्यांचे सांगणे होते. रमाबाई आणि टिळक यांच्यात शारदा सदनाच्या वादापासून तीव्र मतभेद होते. तरीही सरकारच्या वर्तनाकडे डोळसपणे पाहण्याच्या बाबतीत रमाबाई मागे राहिल्या नाहीत.

१८९७ मध्ये त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात पुण्यातील प्लेग रुग्णालयाच्या व्यवस्थेवर आणि तेथे स्त्रियांच्या सुरक्षिततेची होत असलेल्या हेळसांडीवर कडक टीका करणारे पत्र प्रसिद्ध केले. आपल्या आश्रयाखालील एका मुलीच्या अनुभवाचा त्यात उल्लेख होता. या पत्राची दखल ब्रिटिश संसदेपर्यंत घेतली गेली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यातील आरोप फेटाळून लावले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. राज्यकर्ते ख्रिस्ती होते आणि रमाबाईंच्या कार्याला परदेशी ख्रिस्ती देणगीदारांचा आधार होता. अशा स्थितीत मौन पाळणे सोयीचे ठरले असते. परंतु त्यांची उपकारस्तुती ईश्वराप्रती होती आणि त्यामुळेच ती सत्ताधाऱ्यांच्या मिंधेपणात रूपांतरित झाली नाही. मिंधेपणा माणसाची जीभ बांधतो. रमाबाईंची कृतज्ञता मात्र त्यांना बोलते करीत होती.

७. आक्षेपांचा विचार

या कार्याचे मूल्यमापन करताना एका कठीण प्रश्नाला सामोरे जाणे भाग आहे. उपाशी मुलीला अन्न, निवारा आणि धर्म एकाच हातातून मिळतो तेव्हा तिच्या धर्मस्वीकारात स्वातंत्र्य किती असते? दुष्काळात मिशनांनी केलेल्या धर्मांतरांवर तत्कालीन हिंदू समाजाने हा आक्षेप घेतला आणि तो केवळ द्वेषातून आलेला नव्हता. मुक्तिसदनातील मुलींच्या कृतज्ञतेचे जे उद्गार आज उपलब्ध आहेत ते प्रामुख्याने संस्थेच्या अहवालांतून व देणगीदारांसाठी लिहिलेल्या मजकुरातून आलेले आहेत. ज्या मुली केडगावला पोहोचूनही जगल्या नाहीत, किंवा ज्यांनी मनात वेगळे काही ठेवले, त्यांचा आवाज या साधनांत नाही. इतिहासलेखकाने ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे.

मात्र या आक्षेपाचा निवाडा ख्रिस्ती विचाराच्याच कसोटीवर करता येतो. दहा कुष्ठरोग्यांच्या कथेनुसार परत न आलेल्या नऊ जणांचे आरोग्यही खरे व कायमचे होते. म्हणजे आभार किंवा श्रद्धा यांची अट घालून दिलेली मदत ही त्या कथेच्या आशयाशी विसंगत ठरते. जेथे अशी अट, उघड वा सूचित, घातली गेली असेल तेथे उपकारस्तुतीचे मोल कमी होते. रमाबाईंच्या बाजूने एवढे निश्चित म्हणता येते की, त्या स्वतः याच प्रश्नाच्या दोन्ही टोकांवर उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी उपासमार भोगली होती, आणि बाप्तिस्म्यानंतर इंग्लंडमधील आपल्या धर्मगुरुजनांशी मतभेदाच्या प्रसंगी स्वतःच्या विवेकाचे स्वातंत्र्यही ठामपणे राखले होते.

याच काळातील अहमदनगरचे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये आणि लक्ष्मीबाई टिळक यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. दुष्काळ आणि प्लेग यांच्या छायेत या दांपत्याने परक्या मुलांना घरात जागा दिली. टिळकांनी अभंग व कीर्तन या देशी रूपांतून ख्रिस्ती भक्ती व्यक्त केली, तर लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त हालअपेष्टांचे वर्णन विनोदबुद्धीने येते. केडगावची कृतज्ञता संस्थारूपाने उभी राहिली, तर टिळकांच्या घरातली कृतज्ञता कुटुंबाच्या पंगतीत दिसते.

८. अखेरचे पर्व

रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील मोठे कार्य म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. सामान्य, अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशी सोपी मराठी हे त्यांचे उद्दिष्ट होते. छपाईचे काम मुक्तिसदनातील छापखान्यात तेथील स्त्रियांनी केले. दुष्काळातून वाचलेल्या ज्या मुलींना अक्षरओळख नव्हती, त्यांच्या संस्थेतून धर्मग्रंथाचे खिळे जुळविले गेले.

हे काम पूर्णत्वास जात असतानाच २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती यांच्यानंतर एकुलती एक कन्याही गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कन्येच्या मृत्यूनंतरच्या या सुमारे साडेआठ महिन्यांत त्यांच्या श्रद्धेची सर्वांत कठीण परीक्षा झाली असे म्हणता येईल. या काळातील त्यांची उपकारस्तुती हाती घेतलेले काम तडीस नेण्यातच वाचावी लागते.

९. निष्कर्ष

१. केडगावच्या अनुभवात कृतज्ञता म्हणजे दुःखाचा इन्कार नव्हे. रमाबाईंनी आपली उपासमार व वियोग यांची नोंद स्पष्ट शब्दांत केली आणि त्या नोंदीसहच ईश्वराचे आभार मानले.

२. ही कृतज्ञता कृतीत उतरली. वाचलेल्यांनी नव्याने आलेल्यांना सांभाळणे, हस्तकौशल्य शिकणे, विहीर खोदणे आणि उपेक्षितांना स्थान देणे ही तिची रूपे होत.

३. उपकारस्तुती ईश्वराप्रती असल्याने ती सत्तेच्या वा देणगीदारांच्या मिंधेपणात परिणत झाली नाही. १८९७ चे पत्र हा त्याचा पुरावा आहे.

४. मदत आणि धर्मांतर यांच्या संबंधाचा प्रश्न उपलब्ध साधनांच्या आधारे पूर्णपणे सुटत नाही. तथापि आभाराची अट न घालता दिलेली मदत हीच ख्रिस्ती शिकवणीशी सुसंगत आहे, ही कसोटी त्यातून हाती येते.

टँकर, चारा छावण्या आणि अनुदानाच्या याद्या यांच्या भाषेत दुष्काळग्रस्त माणूस 'लाभार्थी' म्हणून नोंदला जातो. लाभार्थ्याने आभार मानावेत अशी अपेक्षा असते, परंतु त्याच्याकडून काही मिळेल अशी अपेक्षा क्वचितच केली जाते. मुक्तिसदनात १८९७ च्या मुलींवर १९०० च्या मुली सोपविण्यात आल्या. ज्यांना नुकतेच वाचविले होते त्यांच्यावर दुसऱ्यांना वाचविण्याचे काम विश्वासाने टाकणे, ही केडगावने दुष्काळाच्या इतिहासाला दिलेली सर्वांत महत्त्वाची देणगी होय.